अझोल्यानं कोंबडीखाद्याचा खर्च खरंच निम्मा होतो? २ हजार पक्ष्यांच्या शेडचं सगळं गणित समजून घ्या

डिजिटल डेस्क, राजापेठ (अमरावती)

‘सोयाबीनची पेंड विसरा, घरच्या घरी हिरवं सोनं पिकवा’, ‘फुकटात प्रथिनं, खाद्याचा खर्च निम्मा’. कुक्कुटपालनाचा एक व्हिडिओ मोबाइलवर पाहिला की असे आणखी दहा समोर येतात. ताडपत्रीचा खड्डा, त्यात हिरवागार अझोला आणि त्यावर तुटून पडलेल्या कोंबड्या. बघायला सोपं आणि करायलाही सोपं वाटतं.

राजापेठेतल्या चिकनच्या दुकानाबाहेरच्या पाटीवर किलोचा भाव लिहिलेला असतो. त्या भावातला सगळ्यात मोठा वाटा कोंबडीनं खाल्लेल्या मक्याचा आणि सोयाबीनचा असतो. त्यामुळे खाद्य स्वस्त करणारी कुठलीही गोष्ट अमरावती-अकोल्यातल्या शेडवाल्यांना हवीच आहे. प्रश्न एवढाच, की पाण्यावर वाढणारी ही वनस्पती ब्रॉयलर कोंबडीच्या ४० दिवसांच्या हिशेबात बसते का? कर्ज काढून शेड टाकणाऱ्यानं हे उत्तर आधी काढलेलं बरं.

थोडक्यात:
- वाळवलेल्या अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात, पण ताज्या अझोल्यात ९३ ते ९५ टक्के पाणीच असतं.
- ब्रॉयलरच्या खाद्यात वाळवलेला अझोला ५ टक्क्यांपर्यंत चालल्याचे प्रयोग आहेत. ‘निम्मं खाद्य’ हा दावा त्यात बसत नाही.
- वऱ्हाडातलं ऊन, पाणी आणि मजुरी धरली तर मोठ्या शेडला तो परवडत नाही.
- परसबागेतल्या १५-२० कोंबड्यांसाठी हिरवा चारा म्हणून मात्र तो कामाचा आहे.

खाद्यावरच एवढी चर्चा का?

ब्रॉयलर पाळण्याच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण ६५ ते ७० टक्के असतो. पिल्लू, औषधं, वीज, तूस, मजुरी हे सगळं उरलेल्या ३० ते ३५ टक्क्यांत येतं. खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो, तो ऊर्जेसाठी. त्यानंतर येते सोयाबीनची पेंड, म्हणजे बाजारात जिला डीओसी म्हणतात ती. प्रथिनांचा मुख्य भार तिच्यावर असतो. वरून तेल, खनिजं, जीवनसत्त्वं आणि मेथिओनिन, लायसिन ही अमिनो आम्लं घालतात.

भारतीय मानक ब्युरोच्या २००७च्या मानकानुसार ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टर खाद्यात २३, स्टार्टरमध्ये २२ आणि फिनिशरमध्ये २० टक्के प्रथिनं लागतात. एवढी प्रथिनं स्वस्तात आणि वर्षभर सारख्या दर्जाची मिळणं सोपं नाही, म्हणून डीओसीला पर्याय शोधण्याची धडपड कायम चालू असते.

२०२१ मध्ये ही धडपड टोकाला गेली होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला १० हजारांच्या घरात गेला. कुक्कुटपालकांनी ओरड केली आणि केंद्र सरकारनं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. त्यावर सोयाबीन उत्पादक चिडले, कारण नवीन पीक तेव्हा शेतात उभं होतं. वऱ्हाडात एकाच गावात सोयाबीन पेरणारा आणि कोंबडीचं शेड चालवणारा असे दोघेही राहतात. अनेकदा ते एकाच घरातले भाऊ असतात. एकाला भाव चढा हवा असतो, दुसऱ्याला उतरलेला.

अझोल्याकडे ‘दोघांच्या भांडणातून सुटका’ म्हणून पाहिलं जातं ते यामुळे.

अझोला म्हणजे नेमकं काय?

अझोला ही पाण्यावर तरंगणारी नेचे वर्गातली बारीक वनस्पती आहे. ‘अझोला पिन्नाटा’ ही जात भारतात नैसर्गिकरीत्या सापडते. तिच्या पानांच्या पोकळीत एक नील-हरित शेवाळ राहतं. ते हवेतला नायट्रोजन पकडून वनस्पतीला देतं आणि त्या बदल्यात निवारा घेतं. म्हणूनच युरिया न टाकताही अझोल्यात प्रथिनं तयार होतात. अनुकूल वातावरणात काही दिवसांत तो दुप्पट होतो.

व्हिएतनाम आणि चीनमध्ये भातशेतीत खत म्हणून त्याचा वापर फार जुना आहे. भारतात जनावरांचं खाद्य म्हणून तो लोकप्रिय करण्यात कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या ‘नार्डेप’ या प्रकल्पाचा मोठा वाटा आहे. डॉ. कमलासनन पिल्लै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडपत्रीच्या खड्ड्यात अझोला वाढवण्याची स्वस्त पद्धत बसवली. आज व्हिडिओंमध्ये दिसणारा २ मीटर बाय २ मीटरचा खड्डा त्याच पद्धतीचा आहे. त्या पद्धतीत एका खड्ड्यातून रोज ५०० ते ६०० ग्रॅम ताजा अझोला मिळतो.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘२५ टक्के प्रथिनं’ हा दावा खोटा आहे का?

नाही. पण तो वाळवलेल्या अझोल्याचा आहे आणि व्हिडिओत कोंबडी खाताना दिसते तो ताजा असतो. सगळी गल्लत इथेच होते.

१ किलो ताजा अझोला वाळवला तर हातात साधारण ६० ग्रॅम भुकटी उरते. त्यात २२ टक्के प्रथिनं धरली तर ती झाली १३ ग्रॅम. दुसरीकडे १ किलो डीओसीत ४४ ते ४८ टक्के, म्हणजे सरासरी ४६० ग्रॅम प्रथिनं असतात.

म्हणजे १ किलो डीओसीतल्या प्रथिनांची बरोबरी करायला सुमारे ३५ किलो ताजा अझोला लागतो. एका खड्ड्याचं दोन महिन्यांचं पीक!

ब्रॉयलर विक्रीला येतो तेव्हा दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य खातो. त्याला रोज ३० ग्रॅम ताजा अझोला घातला तर त्यातून त्याला २ ग्रॅमही कोरडं अन्न मिळत नाही. बाकी सगळं पाणी. एवढ्यानं नुकसान होणार नाही, पण खाद्याचं पोतंही वाचणार नाही.

गायीला चालतो, मग कोंबडीला का नाही?

गायीचं पोट चार कप्प्यांचं असतं. पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव तंतुमय चारा कुजवतात आणि त्यातून गायीला ऊर्जा मिळते. कोंबडीकडे ही सोय नाही. तिचं पचन झटपट असतं. त्यात ब्रॉयलर ही तर ४० दिवसांत ४०-४५ ग्रॅमच्या पिल्लापासून २ किलोच्या पुढे जाणारी जात. तिला थोड्या वजनात जास्त ऊर्जा हवी.

नायजेरियात अलालाडे आणि इयायी या संशोधकांनी २००६ मध्ये अझोल्याच्या भुकटीची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांना आढळलं ते असं:
- प्रथिनं: २१.४ टक्के
- तंतू: १२.७ टक्के
- राख, म्हणजे खनिजांचा भाग: १६.२ टक्के
- एकूण ऊर्जा: किलोला सुमारे २,०४० किलोकॅलरी

आता तुलना करा. ब्रॉयलरच्या फिनिशर खाद्यात किलोला ३,२०० किलोकॅलरी पचणारी ऊर्जा लागते. अझोल्यात एकूणच २ हजारांच्या आसपास आहे आणि त्यातलीही सगळी कोंबडीला मिळत नाही. तंतू जास्त, राख जास्त, ऊर्जा कमी. शिवाय पंख आणि मांस भरायला लागणारं मेथिओनिन त्यात कमी असतं. त्यामुळे कागदावर प्रथिनांची टक्केवारी जुळली तरी पक्ष्याचं वजन जुळेलच असं नाही.

प्रयोगांमध्ये काय दिसलं?

ब्रॉयलरवरचा एक प्रयोग वारंवार सांगितला जातो. तो बांगलादेशातला आहे, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. बसाक आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांचे गट करून खाद्यात अझोल्याची भुकटी ०, ५, १० आणि १५ टक्के अशी मिसळली. ५ टक्क्यांच्या गटाची वाढ सगळ्यात चांगली निघाली. १० आणि १५ टक्क्यांवर तो फायदा टिकला नाही. संशोधकांची शिफारसही ५ टक्क्यांपर्यंतचीच होती.

यातल्या दोन गोष्टी व्हिडिओंमधून गळून पडतात. एक, प्रयोगात वाळवून दळलेला अझोला होता, खड्ड्यातून उपसून टाकलेला नव्हता. दुसरी, बाकीचं ९५ टक्के खाद्य पूर्ण हिशेबानं बनवलेलं होतं. म्हणजे अझोला हा खाद्याला पर्याय ठरला नाही. तो खाद्यातला एक छोटा घटक ठरला.

२ हजार पक्ष्यांच्या शेडला किती अझोला लागेल?

समजा, तुमचं २ हजार पक्ष्यांचं शेड आहे. ४० दिवसांची बॅच, विक्रीच्या वेळी सरासरी वजन २.२ किलो आणि एफसीआर १.६. एफसीआर म्हणजे १ किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा. या हिशेबात ५ टक्के वाळवलेला अझोला घालायचा ठरवला, तर:

- एकूण जिवंत वजन: २,००० × २.२ = ४,४०० किलो
- एकूण खाद्य: ४,४०० × १.६ = ७,०४० किलो
- त्यातला ५ टक्के वाळवलेला अझोला: ३५२ किलो
- त्यासाठी ताजा अझोला: सुमारे ५,८७० किलो, म्हणजे जवळपास ५९ क्विंटल
- रोजची सरासरी काढणी: सुमारे १४७ किलो

एका खड्ड्यातून रोज ५५० ग्रॅम मिळतात असं धरलं तर असे २६७ खड्डे लागतील. त्यांचं पाण्याचं क्षेत्र होतं सुमारे १,०६८ चौरस मीटर, म्हणजे साडेदहा गुंठे. यात खड्ड्यांमधल्या वाटा धरलेल्या नाहीत. २ हजार पक्ष्यांचं शेड मात्र साधारण २ गुंठ्यांत बसतं. म्हणजे कोंबड्यांना लागते त्याच्या पाचपट जागा त्यांच्या ५ टक्के खाद्याला लागणार.

आणि पाणी?

वऱ्हाडात जागेपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे. खड्ड्यात १० सेंटिमीटर पाणी ठेवायचं तर साडेदहा गुंठ्यांना १ लाख लिटरहून जास्त पाणी लागतं. ते एकदा भरून भागत नाही. दर १० दिवसांनी त्यातलं चौथाई पाणी बदलावं लागतं. उन्हाळ्यात दिवसाला १ सेंटिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर रोज १० हजार लिटरहून जास्त वाफ होईल. म्हणजे रोज एक टँकर.

याच २ हजार पक्ष्यांना प्यायला बॅचभर सरासरी दिवसाला ३५० लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पक्ष्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी जिथे मे महिन्यात धावाधाव होते, तिथे अझोल्यासाठी टँकर कोण लावणार?

उष्णता हा वेगळा प्रश्न. अझोल्याला २० ते ३० अंशांचं तापमान मानवतं. ३५ अंशांच्या पुढे तो ताणाखाली येतो, लालसर पडतो, वाढ थांबते. अकोला आणि अमरावतीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. शेडनेट, झाडाची सावली आणि रोज पाण्याची भर यांवर थोडा अझोला जगवता येतो. पण गुंठ्यांनी पसरलेला जगवणं ही वेगळी गोष्ट आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर आणखी एक अडचण आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतल्या अनेक गावांचं भूजल खारं आहे. जे पाणी पिकाला चालत नाही ते अझोल्यालाही मानवत नाही. क्षार वाढले की त्याची वाढ खुंटते आणि पाणी उडत जाईल तसे खड्ड्यातले क्षार वाढतच जातात. तिथे पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी वापरावं लागेल.

पैशात किती वाचतं?

३५२ किलो अझोल्याच्या भुकटीत २२ टक्क्यांनी ७७ किलो प्रथिनं येतात. तेवढ्या प्रथिनांसाठी १६८ किलो डीओसी लागते. डीओसीचा भाव हिशेबासाठी किलोला ४० रुपये धरला तर बॅचमागे वाचले सुमारे ६,७०० रुपये. वजनाच्या हिशेबात थोडा मकाही वाचतो, पण अझोल्यात ऊर्जा कमी असल्यानं तेल वाढवावं लागतं. म्हणून या दोन्ही रकमा इथे सोडून दिल्या आहेत.

आता खर्च. रोज दीड क्विंटल अझोला काढायचा, शेणाचा वास जाईपर्यंत धुवायचा, निथळायचा, वाळवायचा, दळायचा. शिवाय खड्ड्यांना शेण, सुपर फॉस्फेट आणि पाणी द्यायचं. यासाठी एकच माणूस धरू आणि मजुरी रोजगार हमीच्या दरानं धरू. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी तो दर दिवसाला ३१२ रुपये आहे. ४० दिवसांचे झाले १२,४८० रुपये.

वाचले ६,७००, मजुरीत गेले १२,४८०. ताडपत्री, शेडनेट, पाणी, वीज आणि जागा यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

डीओसीचा भाव दुप्पट, म्हणजे ८० रुपये झाला तरी वाचतात सुमारे १३,४०० रुपये. तेव्हाही फक्त मजुरी निघते.

सगळ्यात महाग पडू शकते ती वेगळीच गोष्ट. खाद्याचा तोल बिघडून एफसीआर १.६ वरून १.७ वर गेला तर काय होईल? ४,४०० किलो वजनामागे ४४० किलो खाद्य जास्त लागेल. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर १७,६०० रुपये एका बॅचला गेले. ६,७०० वाचवायला १७,६०० पणाला लावायचे का, हे ज्यानं-त्यानं ठरवावं.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. अझोला नीट वाळला नाही आणि ओलसरच खाद्यात मिसळला, तर बुरशी धरते. कोंबडीखाद्यात ओलावा ११-१२ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नसतो. बुरशीच्या विषानं पक्ष्यांचं यकृत खराब होतं, वाढ थांबते आणि मर वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये रोज दीड क्विंटल हिरवा माल उन्हात वाळवण्याची हमी वऱ्हाडात कोण देईल?

शेड करारावर असेल तर?

मग हा प्रश्न बराचसा निकालात निघतो. करार पद्धतीत पिल्लं, खाद्य, औषधं कंपनी देते. शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणारी माणसं शेतकऱ्याची. लिफ्टिंग झालं की किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो आणि तो एफसीआर, मर आणि उत्पादन खर्चानुसार कमी-जास्त होतो.

खाद्य तुमच्या खिशातून जातच नाही, तर ते वाचवून फायदा कोणाचा? उलट बाहेरचं खाद्य घातल्यानं वजन घटलं तर तुमचा मोबदला कापला जाईल. बाहेरचं काहीही खाऊ घालायला मनाई करणारं कलम करारात आहे का, ते आधी वाचा. सुपरवायझरला विचारल्याशिवाय करारावरच्या पक्ष्यांपुढे अझोला टाकू नका.

म्हणजे अझोल्याच्या बचतीचा प्रश्न मुळात स्वतःच्या पैशानं खाद्य घेणाऱ्या शेडवाल्यांपुरताच उरतो.

नाल्यातली जलकुंभी आणि डकवीड चालेल का?

अझोला वेगळा, डकवीड वेगळं आणि जलकुंभी वेगळी. व्हिडिओंमध्ये तिन्हींची सरमिसळ होते.

*डकवीड:* पाण्यावर हिरव्या टिकल्या सांडल्यासारखी दिसणारी ही बारीक वनस्पती. चांगलं पोषण मिळालं तर वाळवल्यावर ४० टक्क्यांपर्यंत प्रथिनं देते, नाही तर २० टक्क्यांवर राहते. बांगलादेशात मिर्झापूर इथे सांडपाण्यावर डकवीड वाढवून ते माशांना खाऊ घालण्याचा प्रकल्प झाला. जागतिक बँकेनं १९९३ मध्ये त्यावर पुस्तिकाही काढली. माशांच्या बाबतीत हे जमतं, कारण मासा ते ओलंच खातो आणि वाळवण्याचा खर्च येत नाही. कोंबडीखाद्यात मात्र पुन्हा वाळवणं आलंच.

*जलकुंभी:* अकोलेकरांना ही चांगलीच माहीत आहे. मोर्णा नदी जलकुंभीनं भरली होती. १३ जानेवारी २०१८ रोजी स्वच्छता मोहीम सुरू झाली आणि हजारो अकोलेकर नदीत उतरले. त्याच महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तिचा उल्लेख केला. टनावारी निघणारी ही हिरवळ कोंबड्यांना घालता येईल का, असं कुणाच्याही मनात येईल. उत्तर सरळ आहे: नाही. जलकुंभीत तंतू फार असतात. शिवाय ती पाण्यातले जड धातू शोषून साठवते. याच गुणामुळे ती सांडपाणी शुद्धीकरणात वापरली जाते. जी वनस्पती घाण शोषून घेते, ती कोंबडीच्या पोटातून आपल्या ताटात आणायची नाही. तिचं खत करायचं आणि तेही भाजीपाल्याला देण्याआधी तपासून.

डकवीड आणि अझोल्यालाही हाच नियम लागू आहे. अंबानाल्यातून किंवा कुठल्याही सांडपाण्यातून उचललेली वनस्पती पक्ष्यांना देऊ नका.

मग अझोला कुठे बसतो?

परसबागेत. गिरिराजा, वनराजा किंवा गावरान अशा १५-२० कोंबड्या घराभोवती फिरत असतील, तर त्यांना मिळतं ते ज्वारीची कणी, उरलेलं अन्न, किडे आणि गवत. त्यांना ४० दिवसांत २ किलो व्हायची घाई नसते. एका खड्ड्यातून रोज निघणारा ५०० ग्रॅम अझोला २० कोंबड्यांना प्रत्येकी २५ ग्रॅम येतो. त्यातून प्रथिनं थोडीच मिळतात. पण अझोल्यातला कॅरोटिनचा रंग अंड्याच्या बलकात उतरतो आणि खनिजं मिळतात. पिवळाजर्द बलक असलेल्या गावरान अंड्याला गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं.

इथे मजूर लावावा लागत नाही, वाळवणं नाही, दळणं नाही. सकाळची पंधरा मिनिटं पुरतात. गोठ्यात एखादी गाय-म्हैस असेल तर उरलेला अझोला तिला घालता येतो. शेततळ्यात ग्रास कार्प मासे असतील तर तेही खातात.

एक खड्डा कसा करायचा?

1. झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत २ बाय २ मीटरची सपाट जागा घ्या. कडेनं विटा लावून २० सेंटिमीटर खोल हौद करा आणि त्यात सिलपॉलिनची ताडपत्री अंथरा.
2. चाळलेली सुपीक माती १० ते १५ किलो पसरा.
3. २ किलो शेण आणि ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट १० लिटर पाण्यात कालवून ओता. पाण्याची पातळी १० सेंटिमीटर करा.
4. अर्धा ते १ किलो ताजा, स्वच्छ अझोला सोडा. १० ते १५ दिवसांत खड्डा भरतो.
5. मग रोज ५०० ग्रॅमच्या आसपास काढा. काढला नाही तर गर्दी होऊन कुजतो.
6. दर ५ दिवसांनी १ किलो शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट द्या. १० दिवसांनी चौथाई पाणी बदला, महिन्यानं ५ किलो माती बदला आणि ६ महिन्यांनी खड्डा रिकामा करून नव्यानं सुरू करा.
7. खाऊ घालण्याआधी चाळणीत घेऊन स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवा.

उन्हाळ्यात उत्पादन घटेल हे गृहीत धरा. थोडं कल्चर घरातल्या सावलीत टोपल्यात जपून ठेवलं तर जूनमध्ये विकत आणावं लागत नाही.

सोयाबीन उत्पादकांनी अझोल्याला घाबरावं का?

नाही. वरच्या गणितावरून अझोला डीओसीची जागा घेण्याच्या जवळपासही नाही. डीओसीशी खरी स्पर्धा दुसऱ्याच गोष्टीची आहे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा घातल्या, कारखाने मक्याकडे वळले आणि हा चोथा भरपूर निघू लागला. तो डीओसीपेक्षा स्वस्त मिळतो, म्हणून खाद्य कारखाने वापरतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि विदर्भातल्या बाजारांत त्याहून कमी भाव मिळत होता. त्यामागच्या कारणांत पेंडीची घटलेली मागणीही होती. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं लक्ष ठेवायचं ते या चोथ्याच्या भावावर.

कल्चर किंवा ‘किट’ विकत घेण्याआधी

कुणी ‘खाद्याचा खर्च निम्मा’ म्हणत असेल तर त्याला एवढं विचारा:
- प्रथिनांची टक्केवारी ताज्या अझोल्याची सांगताय की वाळवलेल्या?
- माझ्या पक्ष्यांसाठी रोज किती किलो लागेल आणि तेवढ्याला किती खड्डे?
- मे महिन्यात किती निघेल?
- तुमच्या शेडच्या मागच्या बॅचचा एफसीआर काय आला? अझोल्याविना काय होता?

आधी फुकटात किंवा थोडक्यात कल्चर मिळतं का ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. अमरावती जिल्ह्यात दुर्गापूर (बडनेरा) आणि घातखेड इथे ही केंद्रं आहेत. खाद्याबद्दल शंका असेल तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेतल्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

आणि तरीही स्वतःच्या ब्रॉयलर शेडमध्ये करून पाहायचंच असेल, तर सगळी बॅच पणाला लावू नका. जाळी लावून ५० पक्षी वेगळे करा आणि शेजारी तेवढेच नेहमीच्या खाद्यावर ठेवा. एका गटाच्या खाद्यात ५ टक्के वाळवलेला अझोला मिसळा. दोन्ही गटांचं खाद्य रोज मोजा, वजन आठवड्याला घ्या आणि वहीत लिहा. ४० दिवसांनी तुमच्या शेडचं, तुमच्या पाण्याचं आणि तुमच्या उन्हाचं उत्तर त्या वहीत असेल.